अमेरिकेतील मोटारप्रवास : आई-बाबांना नेमके काय दाखवावे?

पूर्वा_मुलुंड

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये मी आई-बाबांना घेऊन धाकट्या भावाकडे डेन्व्हरला जाणार आहे. एकूण मुक्काम चोवीस दिवसांचा असून त्यांतले बारा-तेरा दिवस आम्हां चौघांना मोटारीने फिरण्यासाठी मोकळे ठेवता येतील. गाडी मुख्यतः भाऊ चालवील, परंतु लांबच्या टप्प्यांत त्याला विश्रांती मिळावी म्हणून मीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेणार आहे.

बाबा मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. त्यांचे वय ७१ आहे आणि प्रकृती उत्तम आहे. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती अर्धा तास सहज चालते, पण जिने आणि चढ तिला झेपत नाहीत.

सहल कंपन्यांच्या पत्रकांतील चौदा दिवसांत अकरा शहरे हा प्रकार मला मुळीच नको आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका सहलीतून राजस्थानला गेलो होतो. रोज पहाटे सामान बांधायचे, दुपारी एखादा किल्ला पंचेचाळीस मिनिटांत उरकायचा आणि रात्री नव्या हॉटेलात शिरायचे, असे नऊ दिवस चालले. आज आईला त्यातल्या दोन किल्ल्यांचीही नावे सांगता येत नाहीत. मात्र जैसलमेरच्या अलीकडे बसचे टायर बदलेपर्यंत आम्ही ज्या घराच्या ओसरीवर बसलो होतो ती ओसरी, तिथल्या बाईंनी पितळी पेल्यातून दिलेले ताक आणि त्यातला भाजलेल्या जिऱ्याचा वास तिला अजून आठवतो.

म्हणून आपण सर्वांना विचारते की उत्तर अमेरिकेत मोटारीने फिरताना आपल्या मनात कायमची राहिलेली जागा कोणती, आणि ती नेमकी कशामुळे राहिली? फार चढउतार न करता पाहता येणारी ठिकाणे कळली तर या प्रवासात उपयोग होईल. डेन्व्हरपासून दूरची ठिकाणेही अवश्य सांगावीत, कारण भाऊ तिकडेच स्थायिक होणार असल्याने आमचे जाणे पुन्हा होईल.

ठाणेकर_सतीश

पूर्वाताई, मी कोलोरॅडोत नऊ वर्षे नोकरी केली आणि आता ठाण्याला परतलो आहे. प्रवास डेन्व्हरपासून सुरू होणार आणि बाबा रेल्वेतले, एवढे वाचल्यावर माझ्या मनात पहिले नाव आले ते ड्युरँगोचे. डेन्व्हरहून नैऋत्येला साधारण साडेपाचशे किलोमीटरवर हे गाव आहे. तिथून सिल्व्हर्टनपर्यंत अॅनिमस नदीच्या काठाकाठाने ७२ किलोमीटरची अरुंदमापी रेल्वे जाते. चांदीच्या खाणींचा माल वाहून आणण्यासाठी १८८२ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर आजही वाफेची इंजिने धावतात. आपल्या माथेरानच्या गाडीच्या रुळांमधले अंतर दोन फूट आहे, इथले तीन फूट आहे. त्यामुळे डबे ऐसपैस आहेत आणि बसायला त्रास होत नाही. एका बाजूचा प्रवास साडेतीन तासांचा असतो. २०१८ च्या मोठ्या वणव्यानंतर या रेल्वेने कोळशाऐवजी तेलावर चालणारी इंजिने वापरात आणायला सुरुवात केली. हा बदल कसा केला, हे बाबांनी तिथल्या कर्मचाऱ्यांना अवश्य विचारावे. आपणही रेल्वेत होतो असे सांगितल्यावर ती मंडळी मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे. ड्युरँगोला तीन रात्री राहावे.

ड्युरँगोपासून तासाभराच्या आत मेसा व्हर्डेचे प्रवेशद्वार लागते. कड्याच्या पोटातल्या नैसर्गिक कपारींत इथल्या प्युब्लो या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी दगडी घरांची गावे वसवली होती. त्यांतले सर्वांत मोठे गाव क्लिफ पॅलेस या नावाने ओळखले जाते आणि त्यात सुमारे दीडशे खोल्या आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे शंभर वर्षांच्या आतबाहेर ही वस्ती नांदली आणि १३०० च्या सुमारास, तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतील दीर्घ अवर्षणानंतर, लोक दक्षिणेकडे निघून गेले. आपण कान्हेरी पाहिलेली माणसे असल्यामुळे कड्यातली वस्ती आपल्याला नवी नाही. पण कान्हेरी भिक्षूंची, डोंगर कोरून केलेली. आणि इथे कपारीत दगडावर दगड रचून बायकामुलांसह संसार मांडलेले. भिंतींतल्या सांध्यांमध्ये लिंपलेल्या मातीवर लिंपणाऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटलेले आहेत. रेंजरने मला ते दाखवले तेव्हा गावाकडे चूल सारवून झाल्यावर आजीच्या चार बोटांच्या ज्या रेघा उठत, त्याच मला तिथे दिसल्या. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात इतक्या जवळून मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. प्रत्यक्ष गावात उतरायचे असेल तर रेंजरबरोबरच्या फेरीचे तिकीट आधी काढावे लागते आणि लाकडी शिड्या चढाव्या लागतात, ते आईंना जमणार नाही. मात्र समोरच्या कड्यावर रस्त्यालगतच सज्जे आहेत आणि तिथून क्लिफ पॅलेस अखंड दिसते. बाबा आणि भाऊ खाली उतरतील तेवढा वेळ आपण दोघी दुर्बीण घेऊन वर बसलात तरी काही हुकले असे वाटणार नाही.

पुढचा मुक्काम मॉन्युमेंट व्हॅली. युटा आणि अॅरिझोना यांच्या सीमेवरची ही दरी नवाहो या मूळनिवासी लोकांच्या स्वतःच्या राज्यकारभाराखाली आहे. त्यामुळे तिचे प्रवेशशुल्क वेगळे द्यावे लागते, राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही. दरीतून फिरणारा २७ किलोमीटरचा रस्ता कच्चा आणि खड्ड्यांचा आहे. भाड्याची लहान गाडी त्यावर घालण्यापेक्षा स्थानिक नवाहो वाटाड्याची उघडी गाडी घ्यावी. आईंना धक्के सोसणार नसतील तर स्वागतकक्षाच्या गच्चीवरच थांबावे, कारण चित्रांत दिसणारे ते तीन तांबडे बुरूज तिथून थेट समोर उभे असतात. एक सावधगिरी घ्यावी. अमेरिकेतली बहुतेक राज्ये उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. अॅरिझोना राज्य तसे करत नाही, नवाहो भूमीत मात्र ते पुढे केले जाते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे आम्ही तासभर उशिरा पोहोचलो आणि आमची ठरवलेली फेरी निघून गेली. त्या दिवशी सूर्यास्त आम्ही गच्चीवरून पाहिला.

ग्रँड कॅन्यनविषयी सर्वांनाच माहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. दक्षिण काठावर किमान एक रात्र राहावे, म्हणजे मावळतीचे आणि उगवतीचे अशी दोन्ही उन्हे मिळतात. काठाने जाणारी पायवाट बरीचशी सपाट आणि डांबरी आहे. पूर्वेच्या डेझर्ट व्ह्यू भागातून समोर एक कळसासारखा सुळका दिसतो, त्याचे नाव विष्णू टेंपल. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने इथल्या शिखरांना विष्णू, शिव अशी नावे दिली, आणि दरीच्या तळाशी असलेल्या सुमारे १७० कोटी वर्षे जुन्या खडकांनाही विष्णूचेच नाव आहे. आईंना हे त्या जागी उभे राहून सांगावे.

आता मी ज्या जागेसाठी हे सर्व लिहायला बसलो ती सांगतो. युटामध्ये नॅचरल ब्रिजेस नावाचे एक लहानसे संरक्षित स्थळ आहे. वाहत्या पाण्याने खडक पोखरून तयार केलेले तीन महाकाय पूल तिथे आहेत आणि चौदा-पंधरा किलोमीटरच्या डांबरी फेरीतून ते तिन्ही गाडीजवळूनच पाहता येतात. दिवसा तिथे गर्दी नसते आणि रात्री तर कोणीच नसते. २००७ मध्ये जगातले पहिले आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यान, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेली जागा, म्हणून याच जागेची निवड झाली. ओवाचोमो पुलाखाली आम्ही अमावास्येच्या आदल्या रात्री गेलो होतो. दिवे मालवल्यावर बराच वेळ स्वतःचा हातही दिसेना. मग हळूहळू आकाश भरत गेले आणि त्या गच्च चांदण्यांत एक काळा कमानदार पट्टा असा होता की तिथे एकही तारा नव्हता. तो पट्टा म्हणजे आमच्या डोक्यावरचा पूल. मुंबईत उभा जन्म काढलेल्या माणसाला आकाशगंगा हा शब्द पाठ असतो, ती दिसते कशी हे मला त्या रात्री कळले. पुलाखाली जायला थोडा उतार आहे, पण वरच्या वाहनतळावरूनही आकाश तेच आहे. तारखा ठरवताना पंचांग जवळ ठेवावे. जवळ हॉटेल नाही. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या ब्लँडिंग गावात राहावे लागते.

नीला_पार्ले

सतीशरावांनी सुचवलेला मार्ग उत्तम आहे. मी त्याच भागात दोनदा स्वतः गाडी चालवली आहे, म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट उंचीची. मुलुंड समुद्रसपाटीला आहे, डेन्व्हर १६०० मीटरवर आणि सिल्व्हर्टन जवळजवळ २८५० मीटरवर. वयस्कर माणसांना पोहोचल्याबरोबर डोंगरात नेऊ नये. चार-पाच दिवस भावाच्या घरी घालवावेत, पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यावे आणि आई-बाबांच्या डॉक्टरांना ही उंची आधी सांगून सल्ला घ्यावा. प्रवासाचा वैद्यकीय विमा काढताना जुन्या आजारांविषयीचे कलम नीट वाचावे.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. त्या प्रदेशात नकाशावर गावाचे नाव दिसले म्हणजे पंप असेलच असे नाही. युटामध्ये ग्रीन रिव्हर ते सलायना या महामार्गाच्या टप्प्यात १६० किलोमीटरहून अधिक अंतरात पंप नाही आणि तशी पाटीही रस्त्यावर लावलेली आहे. मी ती वाचली होती, तरी टाकी निम्मी आहे म्हणून पुढे गेले. चढाच्या रस्त्यावर आणि समोरच्या वाऱ्यात काटा किती वेगाने उतरतो हे मला ठाऊक नव्हते. शेवटचे तीस किलोमीटर मी वातानुकूलन बंद करून, खिडक्या मिटून, घामाने निथळत काढले, आणि मागच्या आसनावर सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या. तुम्ही ब्लँडिंगहून हँक्सव्हिलच्या दिशेने जाणार असाल तर तोही जवळजवळ दोनशे किलोमीटरचा तसाच निर्जन रस्ता आहे. निघण्यापूर्वी टाकी पूर्ण भरून घ्यावी आणि पाण्याचे मोठे कॅन गाडीत ठेवावेत.

चालवण्याचे नियम भाऊ शिकवीलच. पण पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की समोरून येणाऱ्यांनीही थांबायचे असते, आणि चारही बाजूंना थांबा असलेल्या चौकात जो आधी आला तो आधी जातो, या दोन गोष्टी मुंबईच्या सवयीत नाहीत. संध्याकाळनंतर हरणे रस्त्यावर येतात, म्हणून अंधारापूर्वी मुक्काम गाठावा. नॅचरल ब्रिजेसचा अपवाद करायचाच असेल तर परतताना वेग फार कमी ठेवावा.

खर्चाविषयी एक नवी बाब. २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पर्यटकांसाठी राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे, आणि तो नसल्यास ग्रँड कॅन्यन, झायन, यलोस्टोन अशा अकरा मोठ्या उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात. यलोस्टोन मात्र या फेरीत जोडू नये. ते डेन्व्हरच्या उत्तरेला पूर्ण दिवसाच्या अंतरावर आहे आणि त्याला स्वतंत्र आठवडा हवा.

माझी स्वतःची आवडती जागा युटामधले कॅपिटल रीफ हे राष्ट्रीय उद्यान. तांबड्या कड्यांच्या तळाशी फ्रुटा नावाची जुनी वाडी आहे, तिथे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतवाल्यांनी १८८० च्या दशकापासून लावलेल्या फळबागा उद्यानाच्या लोकांनी अजून जपल्या आहेत. सप्टेंबरात सफरचंदे तयार असतात. हंगामात खुल्या ठेवलेल्या बागेत शिरून झाडावरून फळ तोडावे आणि तिथेच खावे, त्याचे पैसे पडत नाहीत. घरी न्यायची असतील तर तराजूवर स्वतः तोलून पैसे पेटीत टाकावेत. जमीन सपाट आहे. आईंना पितळी पेल्यातले ताक आठवते असे तुम्ही लिहिलेत, तेव्हा मला ही बागच डोळ्यांसमोर आली.

वेसावकर

तुम्ही पुढच्या खेपेसाठीही विचारले आहे म्हणून लिहितो. आम्ही समुद्राकाठची माणसे, आणि मला वाळवंटापेक्षा कॅनडातला फंडीचा उपसागर अधिक भिडला. पावसाळ्यात मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती येणार असली की वर्तमानपत्रे आदल्या दिवशी इशारा देतात. फंडीमध्ये ही उंची १६ मीटरपर्यंत जाते आणि जगात याहून मोठी भरती कोठेही येत नाही. चार मजली इमारत बुडेल एवढे पाणी दिवसातून दोनदा येते आणि दोनदा परत जाते. याचे कारण उपसागराच्या लांबीत आणि खोलीत आहे. त्यातले पाणी एकदा हलले की या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत यायला त्याला जेवढा वेळ लागतो, तो भरतीच्या सुमारे साडेबारा तासांच्या चक्राशी जवळजवळ जुळतो. झोपाळ्याला योग्य क्षणी झोका देत राहिले की तो वर वर जातो, तसे प्रत्येक भरतीचे बळ मागच्या हेलकाव्यात मिसळते. त्यात उपसागर टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे पाणी आणखी चढते.

न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या होपवेल रॉक्सला आम्ही ओहोटीच्या वेळी पोहोचलो. फुलदाणीच्या आकाराच्या, डोक्यावर झाडे वाढलेल्या खडकांच्या पायथ्याशी समुद्राच्या तळावर चालत फिरलो. बुटाला चॉकलेटच्या रंगाचा चिखल लागत होता आणि आमच्या डोक्याच्या कितीतरी वर खडकाला समुद्रवनस्पती चिकटलेल्या होत्या. पाण्याची पातळी तिथवर येते हे त्या ओल्या वनस्पतींमुळे कळत होते. जेवून सहा तासांनी परत आलो तेव्हा ज्या वाळूवर मी उभा होतो तिच्यावरून लोक होड्या वल्हवत चालले होते. एकाच जागी दोनदा जाण्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा, घाईत एकच वेळ पाहिली तर अर्धेच पाहिल्यासारखे होईल. बॉस्टनहून मेन राज्यातले अकेडिया उद्यान करत दोन-तीन दिवसांत निवांत जाता येते. भारतीय पारपत्रावर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो आणि अमेरिकेत परतायचे असल्याने तिथला व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा असावा, हे दोन्ही तिकिटे काढण्यापूर्वी तपासावे.

दादर_पश्चिम

निसर्गाबद्दल पुष्कळ लिहून झाले, मी माणसांच्या इतिहासाचा एक रस्ता सुचवतो. माझी मुलगी अटलांटात शिकत असताना आम्ही अटलांटा, माँटगोमेरी, सेल्मा आणि मेंफिस असा सहा दिवसांचा प्रवास केला. अटलांटात मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर आणि समाधी आहे, आणि तिथल्या आवारात गांधीजींचा पुतळा आहे. १९५९ साली भारतात आलेले किंग आपल्या गावदेवीच्या मणिभवनातही येऊन गेले होते, हे मला मुलीला तिथे सांगता आले.

माँटगोमेरीत २०१८ मध्ये उघडलेले एक स्मारक आहे. जमावाने ठार मारलेल्या ४४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची नावे, एकेका परगण्यासाठी एक अशा आठशेंहून अधिक गंजरंगी लोखंडी खांबांवर तिथे कोरली आहेत. सुरुवातीला खांब आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि ते छताला टांगलेले आपल्या डोक्यावर येतात. मान वर करून नावे वाचावी लागतात. काही खांबांवर नावाच्या जागी केवळ 'अज्ञात' असे आहे. तिथे कोणीही मोठ्याने बोलत नव्हते.

सेल्माचा पूल मात्र पायी ओलांडावा. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या लोकांना याच पुलापलीकडे पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरून मागे रेटले. पूल मध्यभागी उंचावलेला आहे, त्यामुळे अलीकडून चढताना पलीकडचे काहीही दिसत नाही. माथ्यावर आल्यावरच समोरचा रस्ता दिसतो, आणि त्या दिवशी पहिल्या रांगेतल्या माणसांना समोरची पोलिसांची फळी अशीच अचानक दिसली असणार, हे तिथे उभे राहिल्यावर पायांना कळते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेल्या माणसांची आठवण मला त्या पुलावर आली. अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यांचे नाते बाबासाहेबांनीही ओळखले होते आणि १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या विचारवंत ड्यू बॉइस यांना त्याविषयी पत्र लिहिले होते. पुलाचा चढ सौम्य आहे, आईंना हळूहळू जमेल. शेवटचा मुक्काम मेंफिसच्या लॉरेन मोटेलचा. ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली त्या ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेरच्या कठड्यावर आजही पुष्पचक्र लावलेले असते.

पूर्वा_मुलुंड

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी सगळी उत्तरे घरात मोठ्याने वाचून दाखवली. या खेपेला ड्युरँगो, मेसा व्हर्डे, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन, नॅचरल ब्रिजेस आणि कॅपिटल रीफ एवढेच करायचे ठरले आहे. भावाने एका दिवसासाठी लास व्हेगास सुचवले होते, ते आईनेच काढून टाकले आणि तो दिवस फळबागेला दिला. फंडी आणि सेल्मा यांसाठी पुढच्या वर्षाचा विचार करू. निघण्याचा दिवस आम्ही असा धरला आहे की ब्लँडिंगचा मुक्काम अमावास्येच्या जवळ येईल.

बाबांनी सतीशरावांना दोन प्रश्न विचारायला सांगितले आहेत. त्या गाडीत कोणत्या बाजूला बसावे, आणि शेवटच्या डब्यात जागा मिळू शकते का? पस्तीस वर्षे त्यांनी गाडी शेवटच्या डब्यातूनच पाहिली आहे.

ठाणेकर_सतीश

बाबांना माझा नमस्कार सांगावा. ड्युरँगोहून सिल्व्हर्टनला जाताना उजव्या हाताला बसावे. गाडी कड्याला बिलगून नदीच्या शंभर-दीडशे मीटर वरून जाते तो टप्पा त्या बाजूने दिसतो. पुढे रूळ नदी ओलांडतात आणि मग काही वेळ डावीकडेही पाहावे लागते. डबा तिकीट काढतानाच विचारून घ्यावा. वळणांवर पुढचे इंजिन आणि सगळे डबे एका नजरेत मागूनच दिसतात, त्यामुळे बाबांनी मागितलेली जागाच योग्य आहे. इंजिनाच्या धुरातून बारीक काजळी उडते, उघड्या डब्यात बसणार असतील तर डोळ्यांना चष्मा असू द्यावा.